तारप्याकडे पाठ करू नये

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘काहीतरी ऐतिहासिक’ लिहून द्यावे असे संपादक-मंडळाने सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शहाजीराजांची बेंगळुरूची जहागीर असावी. त्या विषयावर माझ्याहून अधिकारी व्यक्ती मंडळात आहेत. मी बी.ए.ला इतिहास घेतला आणि पुढे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या डाक खात्यात घालविले. एवढीच माझी इतिहासाची पुंजी. म्हणून मी राजेरजवाड्यांकडे न जाता आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवरील एका भिंतीपासून आरंभ करतो.

महादेवपुऱ्यात आम्ही राहतो त्या गृहसंकुलाच्या प्रवेशद्वाराशी गेरूच्या रंगाची एक भिंत आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात काढलेल्या काड्यांसारख्या माणसांची एक लांबलचक रांग गोल गोल आत वळत गेली आहे. मधोमध एक माणूस भलेमोठे वाद्य तोंडाला लावून उभा आहे. असे चित्र आता बेंगळुरूत कोठेही दिसते. कचेऱ्यांत, उपाहारगृहांत, उशांच्या अभ्र्यांवर आणि चहाच्या कपांवरसुद्धा. हे ‘वारली चित्र’ आहे हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ते एका नृत्याचे चित्र आहे, त्या नृत्याला नाव आहे, नेम आहे, ऋतू आहे, आणि ते नाचणारी माणसे आजही पालघर, ठाणे व नाशिक या जिल्ह्यांत आणि शेजारच्या दक्षिण गुजरात व दादरा-नगर हवेलीत नांदत आहेत, हे मात्र त्या भिंतीजवळून जाणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानी येते. ते वाद्य म्हणजे तारपा, आणि ते नृत्य म्हणजे वारल्यांचे तारपा-नृत्य.

हा विषय निवडण्याचे आणखी एक कारण आहे. ते सांगताना थोडा संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवात मुलांनी ‘आदिवासी नृत्य’ सादर केले. मुलांच्या कमरेला पाने, डोक्यावर पिसे, गालांवर रंगाचे पट्टे, हातात भाले आणि मागे ध्वनिमुद्रित चित्रपटगीत. टाळ्या भरपूर पडल्या. सांस्कृतिक समितीत मीही होतो. कार्यक्रमाच्या यादीवर मान्यतेची सही माझीच होती. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर येथील एका संगणक-कंपनीत नोकरी करणारी एक तरुण मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “काका, मी वारली आहे. आमच्याकडे पिसं कोणी लावत नाही.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. ते मला लागण्याचे कारण असे की, मला हे ठाऊक असावयास हवे होते. मी तारपा पाहिला होता. किंबहुना त्याचा नेम एकदा मोडलाही होता.

ती हकीकत १९९६ सालची. डाक निरीक्षक म्हणून माझी नेमणूक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार भागात झाली होती. (पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.) जव्हार हे १९४८ पर्यंत महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान, भोवताली डोंगर, दऱ्या, नाचणी-वरईची उतारावरील शेते आणि वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांचे पाडे. शाखा डाकघरांची तपासणी हे माझे काम. भाद्रपद संपून आश्विन लागला होता. एका पाड्यावरील डाकघराची वही तपासता तपासता शेवटची एस.टी. निघून गेली, आणि शाखा डाकपालांनी मला आपल्याच घरी ठेवून घेतले.

रात्री जेवणे आटोपल्यावर अंगणापलीकडून एक घुमणारा आवाज येऊ लागला. सनई म्हणावी तर तितका तीक्ष्ण नव्हे, आणि पुंगी म्हणावी तर तितका बारीक नव्हे. जाऊन पाहतो तो एक प्रौढ गृहस्थ तारपा वाजवीत उभे, आणि त्यांच्याभोवती पंचवीस-तीस स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून पावले टाकीत आहेत. रांगेच्या टोकाशी असलेल्या तरुणाच्या हाती घुंगरांची काठी. तो ती जमिनीवर आपटी, तसा ताल बदले.

मी नव्या नोकरीच्या उत्साहात सरळ घेराच्या आत शिरलो. मला नाचणाऱ्यांचे चेहरे पाहावयाचे होते, म्हणून वादकाकडे पाठ करून उभा राहिलो. एका म्हाताऱ्याने नाच न थांबविता येऊन माझ्या खांद्यांना धरले आणि मला हळूच उलट फिरविले. “साहेब, तारप्याला पाठ नको दाखवू.” वारली बोलीत लहानथोर सर्वांना ‘तू’च म्हणतात, हे मला तोवर कळले होते; त्या ‘तू’मध्ये उणेपणा नव्हता. एवढे बोलून तो परत रांगेत गेला. त्या रात्री सुमारे दोन तास मी तारप्याकडे तोंड करून उभा होतो.

आता या नृत्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. वाळविलेल्या दुधी भोपळ्याच्या तुंब्यात वादक फुंकर घालतो. तुंब्याच्या खाली बांबूच्या दोन नळ्या बसविलेल्या असतात. त्यांच्या छिद्रांवर बोटे फिरतात. नळ्यांच्या पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा असतो आणि सारे सांधे मेणाने बुजविलेले असतात. वाद्य सहज हातभर-दोन हात लांब होते. काही त्याहूनही मोठी असतात. वादकाला श्वास तुटू न देता सतत फुंकावे लागते. नाकाने हवा घ्यावयाची आणि गाल फुगवून तीच आत सोडावयाची. ही विद्या लहानपणापासून बापाजवळ किंवा चुलत्याजवळ बसूनच साधते. तारप्याच्या चालींना ‘चाळे’ म्हणतात. वादक चाळा बदलतो तशी पावले बदलतात; तो वळला की रांग वळते. नाचाला सूत्रधार नसतो, आज्ञा नसते. पण तारपकऱ्याकडे पाठ करावयाची नाही हा एक नेम मात्र सर्व पाळतात. त्यामुळेच ती रांग सरळ न जाता त्याच्याभोवती वेटोळे घालीत राहते. आपल्या भिंतीवरील चित्रातील वेटोळ्याचे मूळ हे असे त्या नेमात आहे.

या नाचाला ऋतू आहे. पिके भरू लागली की तारपा खाली काढावयाचा. नवे धान्य म्हणजे कणसरी. ती वारल्यांची धान्यदेवता. तिच्या आगमनापासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत तारप्याचे दिवस. पुढे कापणी-मळणी उरकली की पुष्कळ कुटुंबे पोटासाठी वसई, भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. म्हणजे हा नाच, घराबाहेर पडण्यापूर्वी सारा पाडा एकत्र असतो, त्या थोड्या दिवसांचा आहे. नोकरीपायी मुलूख सोडून आलेल्या आपणांस ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आपण बहुधा अशा नृत्यांना ‘प्राचीन’, ‘निसर्गाच्या कुशीतील’ अशी विशेषणे लावतो आणि मोकळे होतो. त्या विशेषणांत इतिहास बुडून जातो. वारल्यांना इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. आपल्या आजोबांच्या काळातला आहे. इंग्रजी अमलात जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेली आणि मूळचे कसणारे वारली त्याच जमिनीवर कुळे व वेठबिगार झाले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबावयाचे, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९३७ साली मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यास आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमले. त्याने वेठीचे आणि मारहाणीचे जे वर्णन सरकारपुढे ठेवले, ते सरकारी भाषेत असूनही अंगावर काटा आणणारे आहे. पुढे १९४५ साली के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आणि त्याच १९४५ साली वारली स्वतःच बोलले. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तेथे काही वारली गेले होते. २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही असे त्यांनी ठरविले. श्यामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे खोट्या निरोपावरून जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मरण पावले. गोदावरीबाईंनी या साऱ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर हा महिना भात पिकण्याचा, म्हणजे तारप्याचा. ज्याच्या दिवसावर सावकाराची मालकी, त्याच्या रात्रीच्या नाचाला किती मोल असेल, याचा विचार आपण ‘निसर्गाच्या कुशीतील’ म्हणताना करीत नाही. कमरेला घातलेला तो हाताचा विळखा, झरीला एकजुटीने उठलेल्या त्याच माणसांचा आहे.

जगात अन्यत्र तर नाचण्यावरच कायद्याने बंदी आली. कॅनडात पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांचा ‘पॉटलॅच’ हा दान-भोजन-नृत्याचा सोहळा १८८५ पासून गुन्हा ठरला होता. ती तरतूद १९५१ साली निघाली. राज्यकर्त्यांना नाचाची भीती वाटावी, याचे कारण उघड आहे. जे लोक एकत्र नाचतात, त्यांना आपण कोण हे आठवत राहते. आपल्याकडे तारप्यावर कोणी बंदी घातली नाही. पण उपाशी माणूस फार वेळ नाचू शकत नाही, एवढेही पुरेसे असते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, आणि त्याबरोबर एक नवी अडचणही आली. १९५३ पासून प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचा महोत्सव भरू लागला. १९८६ च्या सुमारास उदयपूर, नागपूर इत्यादी ठिकाणी सांस्कृतिक केंद्रे निघाली. दूरदूरच्या पाड्यांवरील माणसांना मान मिळाला, मानधन मिळाले, आगगाडीचे भाडे मिळाले. सरकारी नोकर म्हणून मी हे उगाच म्हणत नाही. हे खरोखरच चांगले झाले. तथापि रंगमंचाला एकच बाजू असते. प्रेक्षक समोर बसतात, आणि प्रमुख पाहुण्यांना तर कोणी पाठ दाखवावयाची नसते. मग वेटोळे उलगडून त्याची अर्धी कमान करावी लागते. रात्रभर चालणारा नाच पाच-सात मिनिटांत बसवावा लागतो. सर्वांचा पोशाख एका रंगाचा करावा लागतो. पूर्वी नाचणाऱ्यांचे तोंड तारप्याकडे असे. रंगमंचावर ते आपल्याकडे झाले. बदल दिसावयास लहान, पण अर्थाने मोठा आहे.

चित्रांचेही थोडेबहुत तसेच झाले. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणे हे वारली सुवासिनींचे काम. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे कागदावर आणविली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी त्यांना जगभर नेले. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले. त्यांच्या आणि इतरांच्या चित्रांतील तारप्याचे वेटोळे इतके लोकप्रिय झाले की नाच मागे राहिला आणि नक्षी पुढे गेली. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले खरे. परंतु आपल्या प्रवेशद्वाराची भिंत रंगविणाऱ्या कारागिराला त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते, आणि ती आम्हां रहिवाशांनाही नव्हती.

मग आज तारपा उरला आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावे लागते. तारपा करणारे आणि वाजविणारे कमी झाले आहेत. लग्नकार्यांत, मिरवणुकांत कर्णकर्कश ध्वनिवर्धकांची चलती आहे. मुले आश्रमशाळांत असतात, ती नेमकी तारप्याच्या दिवसांत पाड्यावर नसतात. परंतु दुसरी बाजूही आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ९ ऑगस्ट हा जगातील आदिवासींचा दिवस ठरविला. तो आता पालघर, डहाणू, जव्हार, नाशिक येथे मोठ्या उत्साहाने पाळला जातो. शिकलेली मुले-मुली, शिक्षक, परिचारिका, तलाठी, अभियंते त्या दिवशी तारप्याच्या मागून चालतात आणि नाचतात. ९ ऑगस्ट म्हणजे श्रावणाच्या आसपासचा काळ. जुन्या नेमाने पाहता तारप्याला अजून अवकाश असतो. एखादा जुना माणूस यावर नाक मुरडील, आणि त्याचेही चुकत नाही.

मला मात्र असे वाटते की, ज्यांचा नाच आहे, त्यांनीच त्याला नवा दिवस दिला, तर तो त्यांचा अधिकार आहे. आपणही लोकमान्यांच्या काळात घरातील गणपती चौकात आणला, तेव्हा जुन्या मंडळींनी कमी का आक्षेप घेतले? परंपरा म्हणजे गोठविलेली वस्तू नव्हे. ऑस्ट्रेलियात १९८९ साली स्थापन झालेली ‘बंगारा’ ही नृत्यसंस्था तेथील मूळ रहिवाशांच्या कथा आधुनिक रंगमंचावर नाचून दाखविते. पावले नवी असतात, पण कथा कोणाची आणि ती सांगावयाची कोणी, याचा निर्णय त्या समाजाकडे राहतो. परंपरेची कसोटी जुनेपणात नाही. ती त्या निर्णयात आहे. तारपा पाच मिनिटांचा होतो म्हणून तो खोटा होत नाही. तो पाच मिनिटांचा करावयाचा हे दुसऱ्याच कोणी ठरविले, म्हणजे खोटा होऊ लागतो.

२०२६ साली जाहीर झालेल्या पद्मश्रीच्या मानकऱ्यांत जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव वाचले, तेव्हा मला तीस वर्षांपूर्वीचे ते अंगण आठवले. या वेळी सन्मान चित्राला नव्हे, नक्षीला नव्हे, तर प्रत्यक्ष तारप्यात फुंकल्या जाणाऱ्या श्वासाला होता.

आता पुन्हा महादेवपुऱ्याकडे वळतो. आपले मंडळ सुरू झाले तेव्हा हे शहराबाहेरचे गाव होते. कारखान्यांत नोकरीस आलेली चार मराठी कुटुंबे कोणाच्या तरी गच्चीवर जमत. २००७ साली महादेवपुरा महानगरपालिकेत आले, पाठोपाठ संगणक-कंपन्या आल्या, आणि आज आपल्यांत कोल्हापूरचे आहेत, नागपूरचे आहेत, बेळगावचे आहेत, आणि जव्हार-डहाणूचेही आहेत. ‘मराठी’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कोण येते, हा प्रश्न त्या मुलीने मला न विचारताही विचारला होता. परमुलखात आपल्याविषयी कोणी चुकीचे बोलले, आपल्या सणाची थट्टा केली, तर आपण दुखावतो. तेच आपण आपल्यांतल्याच एका घराबद्दल केले होते, आणि वर टाळ्याही वाजविल्या होत्या.

त्यानंतर मी तिला मोठ्या उत्साहाने म्हणालो, “मग पुढच्या वर्षी तूच मुलांना तारपा शिकव.” ती हसली आणि म्हणाली, “काका, मला शिकवता येत नाही. गावी गेले की मी रांगेत हात घालते, मग पाय आपोआप पडतात. शिकवायचं तर तारपकरी हवा.” मग थोडे थांबून म्हणाली, “आणि आधी नाव तरी सांगा. ‘आदिवासी नृत्य’ असं काही नसतं. वारल्यांचं असतं, कोकण्यांचं असतं, गोंडांचं असतं.”

या दोन वाक्यांत मला साऱ्या विषयाचे सार दिसते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे मी दोनच सूचना नम्रपणे ठेवतो. आपल्या रंगमंचावर यापुढे कोणत्याही समाजाचे नृत्य त्याच्या नावाशिवाय आणि पाना-पिसांच्या सोंगासह होऊ नये. आणि एका वर्षी तरी, रोषणाईचा खर्च थोडा आखडता घेऊन, पालघरहून एक तारपकरी व त्यांचे सोबती यांना रीतसर मानधन देऊन बोलवावे. कधी यावयाचे, किती वेळ नाचावयाचे, हे त्यांनाच विचारावे. ते आले तर खुर्च्या समोर मांडू नयेत. सभागृहाच्या मधोमध जागा मोकळी ठेवावी आणि आपण सर्वांनी भोवती उभे राहावे. ज्यांना बोलावणे येईल, त्यांनी रांगेत हात घालावा.

तोवर निदान एवढे करता येईल. संध्याकाळी मुलांना घेऊन प्रवेशद्वारातून आत येताना त्या भिंतीपाशी क्षणभर थांबावे, आणि मधल्या माणसाच्या हातात काय आहे, हे त्यांना नावानिशी सांगावे. माझ्या नातीला मी सांगितले. तिने बोटाने वेटोळे अगदी आतपर्यंत फिरविले आणि विचारले, “आजोबा, हे सगळे त्याच्याकडेच का बघतात?” तिला मी जव्हारच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली.